नाव, पत आणि ऋण : शेठ प्रेमचंद रायचंद

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या कडेला विद्यापीठाच्या प्रांगणात २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर उभा आहे. १ मार्च १८६९ रोजी या वास्तूच्या कामास आरंभ झाला आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये ती पूर्ण झाली. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या विख्यात इंग्रज वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील ज्या वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात या मनोऱ्याचाही समावेश आहे. मनोऱ्याला नाव आहे ते एका जैन मातेचे, आणि ते देणारा पुत्र म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद.

शेठजींच्या दातृत्वाची कथा आपल्या समाजात अनेक वेळा सांगितली गेली आहे. त्यांच्या जीवनाचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा दोन ओळींत आटोपला जातो. पस्तिशीच्या उंबरठ्यावर हा पुरुष वैभवाच्या शिखरावरून कोसळला. त्याच्याबरोबर शेकडो पेढ्या बुडाल्या आणि मुंबईची सर्वात प्रतिष्ठित बँक बंद होऊन नव्या रूपात पुन्हा उघडली. पेढी मोडणे, देणी मागे ठेवणे आणि नव्या पाटीखाली पुन्हा व्यवहार सुरू करणे, हा प्रश्न व्यापारी समाजापुढे आजही तितकाच जिवंत आहे. त्या प्रश्नाच्या सर्व बाजू ज्या एका चरित्रात एकत्र दिसतात, ते हे चरित्र आहे. म्हणून त्यातील उजेड आणि सावली दोन्ही पाहणे इष्ट ठरेल.

सुरतेहून मुंबईस

प्रेमचंदजींचा जन्म १८३१ मध्ये सुरत येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे सामान्य स्थितीतील व्यापारी होते. सुरतेचे जुने वैभव तोवर ओसरले होते आणि व्यापाराचा ओघ मुंबईकडे वळला होता. त्या ओघाबरोबर हे कुटुंबही मुंबईस आले. मुलाला इंग्रजी शिक्षण देण्याची दूरदृष्टी वडिलांनी दाखविली आणि तीच पुढे त्याच्या भाग्योदयाला कारण झाली. १८५२ च्या सुमारास प्रेमचंदजी एका यशस्वी दलालाच्या हाताखाली काम करू लागले. इंग्रजी लिहिता, वाचता व बोलता येणारा पहिला देशी दलाल अशी त्यांची ख्याती झाली. युरोपीय व्यापारी, बँकांचे अधिकारी आणि देशी सावकार या तिघांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलू शकणारा माणूस त्या काळी दुर्मीळ होता.

टाउन हॉलजवळच्या झाडाखाली तेव्हा मूठभर दलाल जमत. शेअरांची संख्या थोडी होती आणि व्यवहार तोंडी होत. लेखी करारापेक्षा दिलेल्या शब्दाला अधिक मोल होते. या शब्दालाच व्यापारी भाषेत पत म्हणतात. ती वहीत लिहिलेली नसते, तिजोरीत ठेवता येत नाही, पण तिच्याशिवाय वही आणि तिजोरी दोन्ही निरर्थक ठरतात. प्रेमचंदजींची पत अल्पावधीत एवढी वाढली की एखाद्या व्यवहारात त्यांचे नाव आहे, एवढे कळले तरी इतरांचे हात पैशासाठी सैल होत.

कापसाचे सोने

१८६१ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडला. इंग्लंडची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, भडोच, धारवाड या प्रदेशांतील कापसाला स्वप्नातही न पाहिलेला भाव आला. गाद्यांतला जुना कापूस उपसून विकल्याच्या कथा त्या काळच्या मुंबईत सांगितल्या जात.

भाव चढला की मोह चढतो. कापसात माती, सरकी व पाणी मिसळून वजन वाढविण्याचे प्रकार इतके बोकाळले की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे वापरणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपविणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, यांची गणना आहे. दुसऱ्याचे धन उचलणे एवढीच चोरीची व्याख्या आचार्यांनी केली नाही. ज्या वस्तूचे दाम घेतले ती वस्तू न देणे हाही त्याच दोषाचा प्रकार आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. कापसाच्या गठ्ठ्यात दिसलेला हा दोष पुढे कागदाच्या गठ्ठ्यांत, म्हणजे शेअरांत शिरला.

कारण मुंबईत आलेला अमाप पैसा नव्या कंपन्यांकडे धावू लागला होता. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढण्याची सोय झाली होती आणि १८६० मध्ये ती बँकांनाही लागू करण्यात आली. मर्यादित जबाबदारी म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. पूर्वी पेढी बुडाली तर मालकाचे घर, शेत, दागिने सर्व सावकाराच्या देण्यासाठी जबाबदार असे. नव्या कायद्यात भागीदाराने भागापोटी देऊ केलेली रक्कम भरली की त्याची जबाबदारी संपे. मोठे उद्योग उभे करण्यासाठी ही व्यवस्था आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे ऋण आणि ऋणको यांच्यातील जुने, अतूट नाते प्रथमच सैल झाले. कंपनी हा एक स्वतंत्र कायदेशीर पुरुष झाला. तो मरू शकत होता, आणि त्याचे जन्मदाते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाचा पुरुष जन्माला घालू शकत होते.

१८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन आणि ८ भूमी कंपन्या होत्या. यांपैकी कित्येकांजवळ पाटी आणि छापील कागद यांपलीकडे काही नव्हते. सर्वांत मोठी हवा होती ती बॅकबे रेक्लमेशन कंपनीची. समुद्र हटवून जमीन काढण्याची तिची योजना होती. ५ हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव ५० हजारांच्या घरात गेला. या सर्व खेळाच्या केंद्रस्थानी प्रेमचंदजी होते. नव्या कंपनीचे शेअर कोणाला किती मिळावेत, हे त्यांच्या चिठ्ठीवर ठरे. सकाळपासून त्यांच्या दाराशी गर्दी जमे. तिशी नुकतीच ओलांडलेला हा तरुण मुंबईचा अनभिषिक्त राजा झाला होता. एवढ्या वैभवातही त्यांची राहणी साधी होती, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य केले आहे.

दानाचा ओघ

याच काळात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयाच्या इमारतीसाठी २ लाख रुपये देऊ केले. काही आठवड्यांतच घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख दिले आणि त्याला आपल्या मातेचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच इच्छा व्यक्त केली. दृष्टी अधू झालेल्या मातेला सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम कोणाच्या मदतीविना पाळता यावा, म्हणून पुत्राने टोल्यांचा मनोरा उभारला, अशी आख्यायिका सांगतात. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी २ लाख रुपये दिले. त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. आशुतोष मुखर्जी आणि इतिहासकार यदुनाथ सरकार यांच्यासारखे विद्वान तिचे मानकरी ठरले. गुजरातेतील शाळा, ग्रंथालये आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था यांनाही त्यांनी मदत केली. दान देताना त्यांनी जात, धर्म अथवा प्रांत पाहिला नाही, आणि विद्येला मंदिराइतकेच पवित्र मानले.

हे दान ज्या धनातून झाले, ते धन मात्र अजून पुरते पिकलेले नव्हते. त्यातील मोठा भाग कागदावरचा भाव होता. तो कागद गहाण ठेवून कर्ज, त्या कर्जातून नवे शेअर आणि ते शेअर गहाण ठेवून पुन्हा कर्ज, अशी ही साखळी होती.

साखळी तुटली

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. बातमी मुंबईस पोहोचली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी घेणारे होते, देणारे कोणीच नव्हते. प्रत्येकाचे येणे दुसऱ्याकडे आणि त्याचे तिसऱ्याकडे अडकले होते. एकामागून एक पेढ्या मोडल्या. दिवाणी कोर्टांना हा भार पेलवेना, म्हणून त्याच वर्षी खास कायदा करून, बुडालेल्या व्यापाऱ्याची मालमत्ता विश्वस्तांच्या स्वाधीन करून धनकोंत वाटण्याची सोय करण्यात आली. १० मे १८६६ रोजी लंडनमधील ओव्हरएंड गर्नी ही बलाढ्य पेढी बुडाली. त्या धक्क्याने उरलीसुरली पतही गेली. प्रेमचंदजींच्या पाठबळावर उभी असलेली एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनही १८६६ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी स्वतः प्रेमचंदजींनाही आपली मालमत्ता धनकोंच्या विश्वस्तांकडे सोपवावी लागली.

जुन्या बाजारपेठेत दिवाळे निघालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवीत असे. दिवाळे या शब्दाचा संबंध लोक त्या दिव्याशी जोडतात. त्या चालीत मोठा अर्थ होता. आपण बुडालो हे व्यापारी स्वतः, उघडपणे, सर्वांना सांगत असे. त्यापुढे त्याच्याशी व्यवहार करणारा डोळे उघडे ठेवून करी. ज्याने दिवा लावला, त्याला समाज कालांतराने क्षमा करी आणि पुन्हा उभे राहण्यास हातही देई. ज्याने दिवा न लावता रातोरात दुकान बंद केले आणि पुढच्या गल्लीत भावाच्या अथवा पत्नीच्या नावाने पाटी लावली, त्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या विसरले जात नसे.

ही गोष्ट माल पुरविणाऱ्या साखळीत अधिक तीव्रतेने जाणवते. मुंबईची निर्यातदार पेढी बुडते, तेव्हा तिचे नुकसान वर्तमानपत्रात छापले जाते. परंतु त्या पेढीला उधारीवर कापूस देणारा आडत्या, आडत्याला देणारा गावचा व्यापारी, रेच्यावर सरकी काढणारा कारागीर, बैलगाडीने माल आणणारा गाडीवान आणि सर्वांत शेवटी शेतकरी, यांची नावे कोणत्याही जाहिरातीत येत नाहीत. त्यांच्याजवळ तारण नसते आणि दावा लढविण्याचे बळही नसते. पेढीचा मालक नव्या नावाने पुन्हा बाजारात आला आणि त्याने याच माणसांकडून पुन्हा उधारीवर माल मागितला, तर ती नुसती जुनी थकबाकी राहत नाही. एकाच माणसाची दोनदा लूट होते.

एका बँकेचा मृत्यू आणि पुनर्जन्म

या काळातील सर्वांत बोलके उदाहरण बँक ऑफ बॉम्बेचे आहे. १८४० मध्ये स्थापन झालेल्या या बँकेत सरकारचेही भाग होते आणि सरकारचे पैसेही तिच्याकडे असत. १८६३ च्या नव्या कायद्याने तिला कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली आणि तेथेच अनर्थाचे दार उघडले. बँकेच्या सचिवावर प्रेमचंदजींचा विलक्षण प्रभाव होता. त्यांच्या शब्दावर त्यांना स्वतःला आणि त्यांच्या स्नेह्यांना मोठमोठी कर्जे दिली गेली. तारण म्हणून त्यांच्याच कंपन्यांचे शेअर होते, आणि काही वेळा तेही नव्हते. शेअरांचे भाव कोसळताच बँकेचे दोन कोटींहून अधिक असलेले भांडवल जवळजवळ सर्वच्या सर्व नष्ट झाले.

जानेवारी १८६८ मध्ये ही बँक विसर्जित करण्यात आली. तिच्या जागी न्यू बँक ऑफ बॉम्बे या नावाने नवी बँक उभी राहिली आणि तिने तोच व्यवसाय पुढे चालविला. म्हणजे जुनी संस्था बुडाली, तिचे बुडीत येणे तिच्यापाशीच राहिले आणि नवी संस्था स्वच्छ वही घेऊन पुन्हा सुरू झाली. वरवर पाहता रातोरात पाटी बदलणाऱ्या दुकानदाराने केले तेच येथे घडले, असे वाटेल. दोहोंतील फरक कोठे आहे, ते नीट पाहिले पाहिजे.

पहिला फरक हा की जुन्या बँकेचे नुकसान तिच्या भागधारकांनी सोसले. ज्यांनी नफ्याच्या आशेने भांडवल गुंतविले होते, त्यांचे भांडवल गेले. ज्यांनी विश्वासाने ठेवी ठेवल्या होत्या, त्यांच्यावर तो भार पडला नाही. दुसरा फरक असा की सर्व काही उघडपणे झाले. नव्या बँकेने आपले नाते लपविले नाही. नावातच जुन्याची आठवण होती आणि ती नवी असल्याची कबुलीही होती. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा फरक म्हणजे घडल्या प्रकाराचा जाहीर हिशेब मागितला गेला. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले. सैल कायदा, दुर्बल सचिव, निष्काळजी संचालक, योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव आणि काळाची असाधारण धुंदी, ही कारणे त्याने नोंदविली. प्रेमचंदजींच्या प्रभावाचीही त्याने गय केली नाही. या धड्यातून १८७६ मध्ये तिन्ही इलाखा बँकांना कडक बंधने घालणारा कायदा झाला. तीच नवी बँक १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झाली आणि १९५५ मध्ये तिच्यातून भारतीय स्टेट बँक उदयास आली. प्रामाणिकपणे कबूल केलेल्या अपयशावर किती मोठी वास्तू उभी राहू शकते, याचे हे प्रमाण आहे.

हे सर्व मान्य करूनही एक सल उरतो. त्या बँकेच्या भागधारकांत सगळेच सट्टेबाज नव्हते. सरकारच्या नावावर विसंबून आयुष्याची पुंजी भागांत ठेवणारी माणसेही असणार. त्यांच्या दृष्टीने न्यायाचा हा सारा हिशेब अपुराच होता. संस्थेचा पुनर्जन्म झाला, त्यांच्या पुंजीचा झाला नाही.

त्याच नावाने

प्रेमचंदजींच्या पुढे तेव्हा अनेक वाटा होत्या. मुंबई सोडून एखाद्या संस्थानात जाता आले असते. नातलगाच्या नावाने पेढी काढून पडद्याआडून व्यवहार करता आले असते. त्या काळच्या बाजाराला यात नवे काही वाटले नसते. ते मुंबईतच राहिले. ज्या शहरात त्यांच्या नावाचा जयजयकार झाला होता आणि पुढे त्याच नावाला शिव्याशाप मिळाले होते, त्याच शहरात, प्रेमचंद रायचंद याच नावाने त्यांनी पुन्हा दलालीचा व्यवसाय केला. पूर्वीचे साम्राज्य परत आले नाही. परंतु व्यापारी जगताने त्यांना पुन्हा आपल्यात घेतले, ही गोष्ट लहान नाही.

१८७५ मध्ये मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तिचे प्रवेशशुल्क अवघा १ रुपया होते. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदजी अग्रभागी होते. बेबंद व्यवहारांचे परिणाम ज्याने स्वतः भोगले होते, त्याच्यापेक्षा नियमांची गरज दुसऱ्या कोणाला अधिक कळणार? तीच संघटना पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून जगभर ओळखली गेली आणि २०२५ मध्ये तिला दीडशे वर्षे पूर्ण झाली.

मनोऱ्याचे कामही याच काळात चालू होते. देणगी १८६४ मध्येच विद्यापीठाच्या कामासाठी दिली गेली असल्यामुळे पडझडीतही ती वाचली. दात्याची मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात गेल्यानंतर त्याच्या मातेच्या नावाचा मनोरा एकेक थराने वर चढत होता. पाहणाऱ्यांपैकी काहींच्या मनात कृतज्ञता असेल. काहींच्या मनात मात्र, आपले पैसे बुडविणाऱ्याचे नाव राखणारा हा दगड आहे, असेही आले असेल. दोन्ही भावना खऱ्या मानाव्या लागतात. दान मोठे होते. ते देणाऱ्याने ज्यांचे ऋण फेडायचे होते, त्यांचा हक्कही मोठा होता. म्हणूनच ऋण आणि दान यांत ऋणाचा क्रम आधी लागतो, हे तत्त्व या चरित्रातून वाचकाने घ्यावे. दुसऱ्याच्या देण्यातून केलेल्या दानाचे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा व्हावे, हा प्रश्न टाळता येत नाही.

३१ ऑगस्ट १९०६ रोजी प्रेमचंदजींचे निधन झाले. दिनशा वाच्छा यांनी त्या काळाचा आर्थिक इतिहास लिहिला आणि १९१३ मध्ये प्रेमचंदजींचे चरित्रही प्रसिद्ध केले. त्यात शेठजींच्या चुका झाकल्या नाहीत आणि त्यांच्या गुणांविषयीचा आदरही लपविला नाही.

कायदा जेथे संपतो

आज दीडशे वर्षांनंतर कायदा बराच पुढे गेला आहे. इंग्लंडमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार बुडीत निघालेल्या कंपनीच्या संचालकाला, ठरावीक अपवाद वगळता, त्याच अथवा मिळत्याजुळत्या नावाने ५ वर्षे व्यवसाय करता येत नाही. भारतात २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. थकबाकीदार प्रवर्तकाने आपलीच कंपनी स्वस्तात परत विकत घेऊ नये, म्हणून २०१७ मध्ये तिच्यात बंदी घालणारे २९-अ हे कलम जोडण्यात आले. एक कायदा जुने नाव वापरू देत नाही, कारण जुन्या नावाची पत घेऊन तिचे ऋण टाकून देता येते. व्यापारी रीत नवे नाव संशयास्पद मानते, कारण नव्या नावाआड जुने पाप लपते. दोहोंचे म्हणणे शेवटी एकच आहे. नाव ठेवले की बदलले, यावरून मनुष्याची परीक्षा होत नाही. नावाबरोबर ऋणही पुढे आले की मागे टाकले गेले, यावरून ती होते.

प्रत्येक अपयश पाप नसते, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे. पाऊस हुकतो, परदेशात युद्ध थांबते, मोठा ग्राहक पैसे बुडवितो आणि प्रामाणिक पुरवठादारही बुडतो. त्याला पुन्हा उभे राहण्याची संधी नाकारणारा समाज निर्दय असतो आणि अदूरदर्शीही असतो. ज्याच्यामागे शंभर कामगारांची घरे आहेत, त्याने नव्या भांडवलाने नवी संस्था काढली तर त्यात गैर काही नाही. त्याने आधी दिवा लावावा, एवढेच मागणे आहे. बुडण्याची चिन्हे दिसत असताना नवी उधारी उचलू नये. यंत्रे, माल आणि ग्राहक स्वस्तात स्वतःच्याच नव्या पेढीकडे वळवू नयेत. ज्यांच्याजवळ तारण नाही, त्या लहान देणेकऱ्यांना शेवटच्या ओळीत उभे करू नये. आणि हातात पुन्हा पैसा आला, तर कायद्याने माफ केलेले ऋणही स्मरणात ठेवावे.

सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार यांचा उल्लेख आहे. खोटा दस्तऐवज करणे हा पहिला दोष. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. ठेव ठेवणारा आपली पूर्ण रक्कम विसरला आणि कमी मागू लागला, तर तेवढीच देऊन गप्प बसणे. मागणाऱ्याने मागितले तेवढे दिले, कोठेही खोटे बोलले नाही, तरीही तो अतिचारच. नव्या नावाच्या पेढीत बसलेल्या जुन्या मालकासमोर जुना गाडीवान कधी येतच नाही, कारण पैसे कोणाकडे मागावेत हेच त्याला कळत नाही. त्याच्या अज्ञानातून होणारा लाभ न्यासापहाराहून वेगळा नाही. कर्मसिद्धान्तात बंधाला पेढीचे नाव लागत नाही. जीव तोच असतो आणि खातेही तेच चालू राहते. त्याची निर्जरा पाटी रंगवून होत नाही.

शेठ प्रेमचंद रायचंद निष्कलंक नव्हते. धुंदीच्या काळात त्यांनी अनेकांना मोहात पाडले आणि स्वतःही वाहून गेले. परंतु पडल्यानंतर त्यांनी नाव टाकले नाही. धनकोंनी, चौकशी मंडळाने आणि बाजाराने ज्या नावाने त्यांना जाब विचारला, त्याच नावाने ते पुढची चाळीस वर्षे जगले. राजाबाई टॉवरच्या तळाशी उभे राहून वर पाहताना त्यांच्या दानाची आठवण व्हावीच. त्याबरोबर हेही स्मरावे की त्या मनोऱ्याचे काम चालू असताना त्याचा दाता त्याच शहराच्या रस्त्यांवरून, आपल्या देणेकऱ्यांच्या नजरेसमोरून, रोज कामाला जात होता.